स्टेंट बसला, ब्लॉक उघडला, तरी पंपिंग ३५ टक्केच का? सोनोग्राफीच्या लाटांनी गुठळी फुटते का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी कशाचं उत्तर देतोय ते वाचणाऱ्या इतरांनाही कळेल. तुमचे वडील ६१ वर्षांचे, जत तालुक्यातले द्राक्ष बागायतदार. पहाटे साडेचारला छातीत कळ आली. सात वाजता गावातल्या डॉक्टरांनी पित्ताचं म्हणून कंबरेत इंजेक्शन दिलं. दहाच्या सुमारास जतमध्ये ईसीजी निघाला, तिथून 'मिरजेला न्या' म्हणाले. साडेबाराला मिरज, सव्वाएकला अँजिओप्लास्टी. 'शंभर टक्के ब्लॉक होता, पूर्ण उघडला' असं तुम्हाला सांगितलं. पण तीन दिवसांनी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केला तर पंपिंग (हृदय दर ठोक्याला आतलं किती टक्के रक्त बाहेर फेकतं ते) ३५ टक्के. आता तीन आठवड्यांनी कुणीतरी व्हिडिओ पाठवलाय की ब्राझीलमध्ये सोनोग्राफीच्या मशीनने हृदयातली गुठळी फोडतात. तुम्ही विचारताय, तसं केलं असतं तर पंपिंग वाचलं असतं का, आता करता येईल का, आणि सोनोग्राफी सेंटर तालुक्याला आहेच तर तिथे का करत नाहीत.

व्हिडिओतली मूळ गोष्ट खरी आहे, थाप नाही. आता ती करून उपयोग नाही. तालुक्याच्या सोनोग्राफी सेंटरमध्ये ती होणार नाही. राहिला 'केलं असतं तर' हा भाग. त्याचं उत्तर लांब आहे, आणि ते सोनोग्राफीपेक्षा साडेचार ते सव्वाएक या तुमच्या जवळजवळ नऊ तासांशी जास्त बांधलेलं आहे.

मी वीसेक वर्षं सांगली-मिरजेत हृदयरोगाचं काम करतो आणि त्यातला निम्मा वेळ इकोचा प्रोब (मशीनचं छातीवर टेकवायचं टोक) हातात असतो. वडिलांचे रिपोर्ट मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे कोणती नळी बंद होती, शुगर आहे का, किडनी कशी आहे, यावर पुढचं बरंच काही बदलू शकतं.

आता बागेतल्या ठिबकचंच उदाहरण घेऊ. मोटर चालू आहे, मेन लाइनला प्रेशर आहे, फिल्टर परवाच धुतलाय, तरी एका ओळीतल्या वेली माना टाकून उभ्या. तुम्ही मेन लाइनकडे बघत बसत नाही, लॅटरल उचलून ड्रीपर बघता. तोंडाशी क्षार बसलेला असतो. पाणी शेवटच्या वेलीच्या बुडाशी पोचतच नाही. हृदयाचं नेमकं असंच होतं. स्टेंट बसतो तो मेन लाइनमध्ये, तीन-साडेतीन मिलिमीटरच्या नळीत. स्नायूला रक्त मिळतं ते त्याच्या पुढच्या केसाहून बारीक वाहिन्यांतून, जिथून तांबड्या पेशी एकामागे एक रांगेने जातात. मेन लाइन तासन्‌तास बंद राहिली की या बारीक वाहिन्यांची आतली बाजू सुजते, पांढऱ्या पेशी चिकटतात. आणि आम्ही फुग्याने गुठळी दाबतो तेव्हा तिचा थोडा चुरा पुढे जाऊन तिथेच अडकतो. अँजिओग्राफीच्या पडद्यावर हे नेहमी दिसतंच असं नाही, कारण तिथे मोठ्या नळ्या दिसतात. आमच्या भाषेत याला 'नो-रिफ्लो' म्हणतात. रस्ता मोकळा झाला, पण रक्त रानात उतरलं नाही.

एक रात्र सांगतो. तासगावकडचे एक काका आले होते, द्राक्षावर बोर्डोचं निळं औषध फवारून तसेच आलेले, नखांच्या कडा निळ्या. नळी उघडली, डाय अगदी टोकापर्यंत सरसर गेली. पोरांनी हातमोजे काढायला सुरुवात केली. मी ईसीजीकडे बघितलं तर एसटीची टेकडी, म्हणजे अटॅकमध्ये वर चढणारा रेघेचा भाग, होती तशीच उभी. काकांना विचारलं, कळ गेली का? म्हणाले, "जरा कमी हाय, पर गेली न्हाई बघा." प्रोब लावला. हृदयाची मागची भिंत नेटाने आवळत होती, पुढची भिंत ढिम्म. मोठी नळी उघडली की ईसीजी उतरला पाहिजे, कळ थांबली पाहिजे. या दोन गोष्टी झाल्या नाहीत तर पडद्यावरचं चित्र कितीही देखणं असो, मी नातेवाइकांना 'सगळं छान झालं' असं सांगत नाही. त्या रात्रीही नाही सांगितलं.

तेव्हा तुमचा खरा प्रश्न माझ्या मते हा आहे: बारीक वाहिन्या मोकळ्या करायला काही आहे का? ब्राझीलचं काम महत्त्वाचं आहे ते इथे.

यात दोन गोष्टी लागतात, बुडबुडे आणि लाटा. बुडबुडे शिरेतून सोडतात. बुडबुडा साधारण १ ते ४ मायक्रॉनचा, तांबडी पेशी ७-८ मायक्रॉनची, म्हणजे जिथे रक्त जाऊ शकतं तिथे हाही जातो. वरून चरबीचं किंवा प्रथिनाचं पातळ आवरण, आत रक्तात सहज न विरघळणारा वायू. काही मिनिटांत तो फुटतो आणि वायू श्वासातून निघून जातो. (शिरेत हवा गेली की माणूस मरतो हे आपण ऐकलेलं असतं, म्हणून नातेवाईक दचकतात. सिरिंजभर हवा आणि हे बुडबुडे यांची बरोबरी नाही.) मुळात हे उपचारासाठी निघालेलेच नाहीत. इकोमध्ये हृदयाची आतली कड नीट दिसावी म्हणून ते बऱ्याच वर्षांपासून वापरात आहेत.

दुसरी गोष्ट लाटेची. इकोच्या पडद्यावर कोपऱ्यात 'एमआय' असा एक आकडा असतो, मेकॅनिकल इंडेक्स, म्हणजे लाटेचा दणका किती ते. (हार्ट अटॅकलाही आम्ही एमआयच म्हणतो, त्यामुळे नवे रेसिडेंट हमखास गोंधळतात.) आकडा ०.२ च्या खाली असेल तर बुडबुडा नुसता आकसतो-फुगतो, सेकंदाला लाखो वेळा. एकच्या वर गेला की तो फुटतो आणि फुटताना सूक्ष्म धार मारतो. गुठळीच्या जाळीत शिरलेले बुडबुडे असे फुटले की जाळी खिळखिळी होते. शिवाय या घुसळणीने वाहिनीच्या आतल्या थरातून नायट्रिक ऑक्साइड सुटतो आणि बारीक वाहिन्या सैल होतात. मला स्वतःला हा दुसरा परिणाम जास्त कामाचा वाटतो. मोठी गुठळी फोडायला आमच्याकडे फुगा आहे, औषध आहे. ड्रीपरसाठी मात्र हातात फारसं काही नाही.

प्रत्यक्षात करतात असं: हलक्या लाटेने बघत राहायचं, बुडबुडे स्नायूत भरलेले दिसले की जोराचा झटका द्यायचा. पडद्यावर लख्ख होतं, मग स्नायू काळा पडतो. काही सेकंद थांबायचं, परत भरू द्यायचं, परत फोडायचं. जिथे परत भरतच नाही तिथे रक्त पोचत नाही, हेही त्यातच कळतं. आता शहाणा माणूस विचारेल, नळीच बंद आहे तर बुडबुडे पलीकडे जाणार कसे? रास्त शंका आहे. थोडे शेजारच्या नळ्यांच्या आडवाटांनी जातात, थोडे गुठळीच्या फटीतून झिरपतात. म्हणूनच ही क्रिया अँजिओप्लास्टीच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा केली गेली. नळी उघडल्यावर बुडबुडे थेट बारीक वाहिन्यांत उतरतात.

साओ पाउलोच्या इन्कोर या हृदयसंस्थेत डॉ. विल्सन माथियास आणि अमेरिकेतल्या नेब्रास्काचे डॉ. थॉमस पोर्टर यांच्या गटाने हा अभ्यास केला, तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिलाच मोठा अटॅक आलेले १०० पेशंट, चिठ्ठ्या टाकल्यासारखे ५०-५० वाटलेले. अँजिओप्लास्टी दोन्ही गटांची झाली. एका गटाला वर लाटा आणि बुडबुडे. लाटावाल्या गटात अँजिओग्राफीच्या वेळीच नळी उघडलेली सापडली ती ५० पैकी २४ जणांत, दुसऱ्या गटात १० जणांत. अँजिओप्लास्टीआधीच ईसीजी उतरला होता तो १६ जणांचा, दुसरीकडे फक्त दोघांचा. एमआरआयवर मेलेला स्नायू सरासरी २९ ग्रॅम, विरुद्ध ४० ग्रॅम. पंपिंग सुरुवातीला दोन्हीकडे सारखंच, ४४ आणि ४३. सहा महिन्यांनी ५३ आणि ४७.

हे आकडे पहिल्यांदा वाचले तेव्हा मी खुर्चीत सरळ बसलो होतो. पण इतक्या वर्षांत शंभर पेशंटच्या अभ्यासात चमकलेल्या आणि पुढे हजारांच्या अभ्यासात विझलेल्या गोष्टीही मी पाहिल्यात. एकच केंद्र, हात बसलेली मंडळी, इमर्जन्सीत इकोवाला तयार उभा. मिरजेत पहाटे तीनला माझी वाट बघताना दहा मिनिटं गेली तर मिळालेलं तिथेच गमावलं. आणि लाटेचा दणका किती आणि किती लांब, यालाही महत्त्व आहे. नेदरलँड्समध्ये अशाच धर्तीचा अभ्यास सुरू झाला होता, तिथे लाटेचा एकेक झटका जास्त लांब होता. हृदयाच्या नळ्या आकसताना दिसल्या आणि मोजक्या पेशंटनंतर तो थांबवावा लागला. ब्राझीलमध्ये झटका तीन मायक्रोसेकंदाचा ठेवला होता. म्हणून 'सोनोग्राफीच तर आहे, काय होतंय' असं कुणी म्हटलं की मला पटत नाही. आज ही रोजच्या उपचारातली गोष्ट नाही, अभ्यासातली आहे. मी माझ्या पेशंटवर अशी केलेली नाही.

तालुक्याच्या सेंटरचं म्हणाल तर तिथलं मशीन पोट आणि गर्भ बघण्यासाठी असतं. प्रोब वेगळा, बरगड्यांच्या फटीतून धडधडतं हृदय पकडण्याचा सराव वेगळा, बुडबुडे तिथे नसतात आणि ठोके बिघडले तर शॉक द्यायची सोय नसते. आणि मशीन उचलून ॲम्ब्युलन्समध्ये ठेवा म्हणाल तर गर्भलिंग निदानाच्या कायद्याने प्रत्येक सोनोग्राफी मशीन, इकोचंसुद्धा, नोंदवलेलं असतं, ते मनाला येईल तिकडे हलवता येत नाही. म्हैसाळचं स्त्रीभ्रूणहत्येचं प्रकरण बघितलेल्या जिल्ह्यात हा कायदा सैल करा असं मी तरी म्हणणार नाही.

आता त्या नऊ तासांकडे येतो. दोष द्यायला नाही, कारण हीच गोष्ट मी महिन्यातून कितीदा ऐकतो. "काय न्हाई, पित्त झालंय", मग सोडा, मग ओवा, मग गावातलं इंजेक्शन. पण बंद नळीमागचा स्नायू पहिल्या दोन-तीन तासांत सगळ्यात वेगाने मरतो, आणि जितका उशीर तितके ड्रीपर जास्त चोक. तुमच्या वडिलांचे साडेपाच तास ईसीजीच्या आधीच गेले. ब्राझीलचं मशीन मिरजेत असतं तरी ते साडेबारानंतरच हाताशी आलं असतं. म्हणून 'केलं असतं तर' याला माझं उत्तर असं, की कदाचित थोडा फायदा झाला असता, पण पहाटे पाचला ईसीजी निघाला असता तर त्याहून कितीतरी जास्त.

जतसारख्या ठिकाणाहून मिरजेला रस्त्याचे दीड-दोन तास धरा, वर कॅथलॅब (जिथे अँजिओप्लास्टी करतात ती खोली) तयार व्हायचा वेळ. नियम साधारण असा, की ईसीजीवर अटॅक दिसल्यापासून दोन तासांत नळी फुग्याने उघडता येत असेल तर थेट न्या. येत नसेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आहे तिथेच द्या आणि मग निघा. टेनेक्टेप्लेज वजनानुसार एका दमात शिरेतून देता येतं. स्ट्रेप्टोकायनेज १५ लाख युनिट अर्ध्या ते एका तासात सलाइनमधून देतात. बारा तासांपर्यंत देता येतं, पण खरा फायदा पहिल्या तीन तासांत. तुमच्याकडे दहा वाजता ते का दिलं नाही हे मला इथून सांगता येणार नाही. पूर्वी मेंदूत रक्तस्राव झालेला असेल, नुकतं मोठं ऑपरेशन झालं असेल, बीपी फारच चढलेलं असेल तर देत नाहीत. आणि सकाळचं ते कंबरेतलं इंजेक्शन! हे मुद्दाम लिहितो, कारण गावात कुणी सांगत नाही. छातीत दुखणाऱ्या माणसाला कंबरेत किंवा दंडात सुई मारली आणि नंतर गुठळी विरघळवणारं औषध दिलं, तर त्या जागी स्नायूत रक्त साकळू शकतं. माझ्या एका पेशंटची अख्खी मांडी काळी-निळी झाली होती. छातीतल्या कळेला कंबरेत सुई नको. ईसीजी निघेपर्यंत ॲलर्जी नसेल आणि कुठून रक्त जात नसेल तर ३०० च्या आसपास मिलिग्रॅमची ॲस्पिरिन चावून खायची, बस्स. जिभेखालची सॉर्बिट्रेट सरसकट देऊ नका, बीपी आधीच पडलेलं असेल तर ती माणसाला लोळवते. १०८ ला फोन करताना 'छातीत दुखतंय' हे पहिल्या वाक्यात सांगा. आणि खोकत राहा म्हणजे अटॅक थांबतो हा मेसेज पुढे पाठवू नका, त्याने काहीही थांबत नाही.

इंजेक्शननंतरची एक चूक हमखास होते. कळ थांबते, माणूस उठून चहा मागतो, घरचे म्हणतात, 'उद्या बघू.' इंजेक्शनने नळी पूर्ण उघडेलच असं नाही, आणि उघडलेली परत बंद होऊ शकते. तासा-दीड तासात ईसीजी निम्म्याने उतरला नाही तर लगेच कॅथलॅब, उतरला तरी २ ते २४ तासांत अँजिओग्राफी. महात्मा फुले योजनेत अँजिओप्लास्टी बसते, पैशासाठी त्या रात्री थांबू नका.

आता वडिलांकडे. तिसऱ्या दिवसाचा ३५ हा आकडा शेवटचा समजू नका. अटॅकनंतर स्नायूचा काही भाग मेलेला असतो आणि काही नुसता बधिर झालेला. बधिर भाग काही आठवड्यांत जागा होतो. मेलेला परत येत नाही, लाटांनीही नाही, म्हणूनच आता ती क्रिया करून उपयोग नाही म्हटलं. निदान ४० दिवस जाऊ द्या आणि स्टेंटनंतर साधारण तीन महिन्यांनी इको परत करा. तेव्हाही ३५ किंवा त्याखाली राहिलं तर छातीत बसवायच्या शॉक मशीनचा विषय निघेल, त्याआधी सहसा घाई करत नाहीत. मधल्या काळात पंपिंगच्या गोळ्या हेच खरं औषध: बीटा ब्लॉकर, एसीई किंवा त्याच्या जागी येणारी नवी गोळी, स्पायरोनोलॅक्टोनच्या जातीची गोळी, आणि शुगरच्या गोळ्यांतून हृदयाकडे आलेली 'ग्लिफ्लोझिन'. किती डोस सोसतो हे बीपी, किडनी आणि पोटॅशियमवर ठरेल, तो तुमच्या डॉक्टरांवर सोडा. रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या दात काढायचाय म्हणून किंवा बरं वाटतंय म्हणून बंद करू नका, तसा बंद पडलेला स्टेंट मी पाहिलाय.

आणि बुडबुड्यांचा एक उपयोग मात्र तुम्हाला आजच होऊ शकतो. हृदयाची पुढची भिंत बसलेली, म्हणजे नीट आवळत नसली, की हृदयाच्या टोकाशी रक्त साचून तिथे गुठळी धरू शकते, आणि ती सुटून मेंदूत गेली तर लकवा. साध्या इकोत टोक धूसर दिसलं तर ती निसटते. पुढच्या तपासणीला जाताना मिरजेच्या अँजिओप्लास्टीची सीडी आणि तिसऱ्या दिवसाचा इको रिपोर्ट सोबत न्या. डॉक्टरांना एवढंच विचारा की टोक स्पष्ट दिसलं का, आणि नसेल दिसलं तर कॉन्ट्रास्ट इको, म्हणजे हे बुडबुडे सोडून केलेला इको, करायचा का. पुढची भिंत बसलेली असेल तर हे विचारायला तीन महिने थांबू नका, याच आठवड्यात विचारा.